म्हातारी घोडी कोणाला हवी असते?

भूतदयेवर लिहा, असा संपादकांचा आग्रह आहे. लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, पांजरपोळाचा कारभारी म्हणून मी जी वर्षे काढली त्यांत भूतदया फार थोडी पाहिली. पाहिला तो संशय, आणि तोही बहुतेक माझाच. दिवाळी अंकात गोड काही वाचायचे असेल त्यांनी पुढची पाने उलटावीत.

ज्यांनी पांजरपोळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शहाद्याकडच्या एका बाजारगावात व्यापाऱ्यांनी वर्गणी करून गावाबाहेर एक मोठे आवार बांधले होते. लंगडी, आंधळी, थकलेली, टाकून दिलेली जनावरे तिथे आणून सोडायची आणि मरेपर्यंत त्यांना चारा-पाणी द्यायचे, एवढाच तिथला धंदा. गाई-बैलांचे काही वाटत नसे. म्हाताऱ्या गाईला नमस्कार करायला तरी लोक येत. घोड्याचे तसे नाही. घोडा धावेनासा झाला की त्याचा कोणी नाही. टांगेवाला त्याला जकात नाक्यापाशी सोडून देई आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारी, "कारभारी, हाऊ कोना घोडा शे हो?"

घोड्याला आवारात नुसते उभे करून ठेवले तर त्याचे पाय धरतात, म्हणून आम्ही एक पद्धत पाडली होती. चांगले घर, मोकळे वावर आणि खात्रीचा माणूस मिळाला तर म्हातारा घोडा त्याच्याकडे सांभाळायला द्यायचा. घोडा आमचाच राहायचा. त्याला गाडीला जुंपायचे नाही, विकायचे नाही, आणि मी कधीही, न कळवता, दारात येऊन उभा राहीन, ते चालवून घ्यायचे. ऐकायला फार छान वाटते. अडचण एकच होती. म्हातारा घोडा मागायला येतो तो माणूस खात्रीचा कसा असेल?

तुम्हीच विचार करा. दुधाला गाय लागते, नांगराला बैल लागतो, नवरदेवाला घोडा लागतो पण तरणा. मग ज्याचे दात झिजले, डोळ्यांवरचे खळगे खोल गेले, असे जनावर मागणाऱ्याच्या मनात काहीतरी असणारच. ते काय, हे शोधून काढणे हेच माझे काम होते, आणि सांगायला हरकत नाही, त्यात मी बराच तरबेज झालो होतो.

एकदा एक सर्कसवाला आला. कोट, टाय, मिशांना पीळ. म्हणाला, "तुमचे सगळे घोडे द्या. लंगडे असले तरी चालतील. आम्ही त्यांना कसरती शिकवू." मी त्याला बसवले, पाणी दिले आणि विचारले, "वाघ किती आहेत तुमच्याकडे?" गृहस्थ अर्धा पेला पाणी टाकून उठला.

दुसरी जात घोडेव्यापाऱ्यांची. मार्गशीर्षात तापीकाठी दत्ताची जत्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. बाजार चांगला, पण जिथे बाजार तिथे लबाड आलाच. घोड्याचे वय दातांवरून कळते. तरण्या घोड्याच्या पुढच्या दातांत काळे खळगे असतात, ते वयाबरोबर झिजून सपाट होतात. लबाड व्यापारी सपाट दात कोरतो, तापल्या सळईने त्यात काळा डाग देतो आणि म्हाताऱ्याला जवान करतो. डोळ्यावरच्या खळग्यात बारीक नळीने हवा भरतो. केसांना कलप लावतो, तो आमच्या एका वर्गणीदार शेटजींपेक्षा चांगला बसतो. आमच्या आवारातला घोडा असा जत्रेत जाऊन येई, आणि महिन्याभराने पुन्हा म्हातारा होऊन आमच्याच दारात सोडलेला सापडे. म्हणून दिवाळीपासून जत्रा संपेपर्यंत घोडा कोणालाही द्यायचा नाही, असा मी नियम केला होता.

आणि नेमक्या त्याच दिवसांत छगनभाऊ आला.

ब्राह्मणपुरीचा गुजर शेतकरी. कापूस, ऊस, विहिरीवर नवे इंजिन. डोक्याला स्वच्छ फेटा, बोलणे कमी. ओटीवर बसला आणि म्हणाला, "कारभारी, एक घोडी जोयजे. म्हतारी."

"म्हतारीच?"

"म्हतारीच."

"कसाले?"

"वावरना कामाले."

मी मनात म्हटले, झाले. ज्याच्या विहिरीवर इंजिन आणि गोठ्यात बैलजोड्या, तो म्हातारी घोडी वावराच्या कामाला नेणार! जत्रा झाल्यावर या, असे मी सांगितले. तो म्हणाला, तोवर उशीर होईल. हे तर आणखीच छान. जत्रेआधीच घोडी लागणारे लोक कोण, ते मला ठाऊक होते.

चार दिवसांनी पुन्हा हजर. या वेळी मी मुद्दामच त्याला आवारात नेले. चोराला तिजोरी दाखवावी आणि त्याची नजर कुठे जाते ते पाहावे, तसा माझा बेत होता. आमच्याकडे तेव्हा एक कुमेत, म्हणजे तांबूस-काळी, घोडी होती. टांग्याची. मालकाने नाक्यावर सोडलेली. गडी तिला म्हातारीच म्हणत, तेच तिचे नाव पडले होते. स्वभावाने इतकी गरीब की कावळे तिच्या पाठीवर बसून भांडत.

घोडे घेणारा माणूस आधी घोड्याचे तोंड उघडतो. छगनभाऊने उघडले नाही. मग पाय उचलून खूर बघतो. ते नाही. रंग विचारतो, तेही नाही. मीच म्हटले, "कुमेत शे. चाली का?"

"रंग कोन्ताबी चाली," तो म्हणाला.

आणि मग त्याने जे केले ते मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. त्याने डोळे मिटले. घट्ट मिटले, आणि दोन्ही हातांनी घोडीला चाचपू लागला. आधी उंची. मग आयाळीचा जाडपणा. मग एक कान, दुसरा कान, कपाळ. कानाशी पुन्हा गेला, काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि मान डोलावली. डोळे उघडून म्हणाला, "हाई चाली."

माझी खात्रीच पटली. हा माणूस एका घोडीच्या जागी दुसरी खपवणार. कुठली तरी ठरावीक घोडी आहे, तिच्या मापाची घोडी शोधत हा हिंडतो आहे. मी सरळ विचारले, "कोनाले फसाडनं शे?"

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. मान खाली घालून म्हणाला, "आठे नई सांगता येत. बाजारना गाव शे, गोट लगेच पोचस. मन्हा घर चला, तठे सांगस."

मी निघालो. पण घोडीचा दोर माझ्या हातात. त्याने वाटेत दोनदा दोर मागितला, मी दोन्ही वेळा दिला नाही.

त्याच्या घरी गोठ्याच्या बाजूला घोडा बांधायचे वेगळे, झाडून ठेवलेले ठाण होते. खुंटा होता, गव्हाण होती, भिंतीवर खोगीर टांगलेले होते. घोडी नव्हती. छगनभाऊ त्या रिकाम्या खुंट्याकडे बघत म्हणाला, "हरणी मरी गयी. आबा लोणखेडाले गयात आनि तिले शूळ उठना."

आबा म्हणजे त्याचे वडील, नथूआबा. हे नाव मला चांगले ठाऊक होते. तापीकाठच्या जत्रेत घोड्याची परीक्षा करावी ती त्यांनीच, असे जुने लोक सांगत. अलीकडे त्यांची दृष्टी गेली होती. लोणखेड्याला लेकीकडे राहून एका वैद्याचे औषध चालले होते, पण गुण आला नाही आणि दोन दिवसांत ते परत येणार होते. पांढरी हरणी ही त्यांची शेवटची घोडी. डोळे गेल्यापासून तिच्या मानेवर हात ठेवून बसणे, एवढाच त्यांचा दिवस होता.

"डोया त गयातच," छगनभाऊ म्हणाला. "आते हरणीबी गयी, असं सांगू का मी त्यास्ले?"

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. फसवणूकच होती. फक्त गिऱ्हाईक ओळखायला मी चुकलो होतो.

पण धंदा तो धंदा. घोडीची खोड आधी सांगायची, हा माझा रिवाज. मी त्याला घोडीच्या डाव्या डोळ्याखाली बोट लावून दाखवले. तिथे केसांचा एक बारीक भोवरा होता. घोड्याच्या अंगावरचे भोवरे लोक कुंडलीसारखे वाचतात. छातीवरचा देवमण शुभ, आणि डोळ्याखालचा हा सगळ्यांत वाईट. त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी मालकाला रडवते, असा समज. जत्रेत तिला कोणी हात लावत नाही, आणि नथूआबांनी तर अशा घोड्या आयुष्यभर परत धाडलेल्या.

छगनभाऊला यातले काहीच माहीत नव्हते. घोडेवाल्या बापाचा हा इंजिनवाला मुलगा. उंची जुळवली, कान जुळवला, आणि बापाचे बोट सगळ्यांत आधी जिथे जायचे तेच त्याच्याकडून राहिले. त्याची बायको काशीबाई मात्र जाणत होती. ती दारातूनच म्हणाली, "आसूढाळ घोडी दारमा बांधतस का कोनी? आबास्नं बोट तठे गयं म्हंजे संपनं. त्याच घडीले बाहेर काढतीन तिले."

"आबा आते परीक्षा करतस नई," छगनभाऊ म्हणाला. "मानवर हात फिरावतस, बस."

मी घोडी परत न्यायला हवी होती. नेली नाही. तिने गव्हाणीत तोंड घातले होते आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती घाईने खात होती. म्हटले, आबा येईपर्यंत राहतो. बाहेर काढली तर निदान दोर धरायला कोणी असावे.

आबा छकड्यातून उतरले ते कोणाशी न बोलता ठाणाकडे वळले. छगनभाऊने त्यांचा हात धरला. "हरणी," त्यांनी हाक मारली. आमची म्हातारी घोडी, तिला हरणी काय आणि कोण काय, तिने आपले तोंड पुढे केले. आबांचा हात मानेवर गेला, आयाळीत गेला, कानावर गेला. छगनभाऊने माझ्याकडे पाहून मान डोलावली. पण हात थांबला नाही. कपाळावरून खाली आला, गालाकडे वळला आणि डाव्या डोळ्याखाली टेकला.

काशीबाईने पदर तोंडात धरला. मी दोराकडे हात नेला.

आबांचे बोट तिथे जरा वेळ राहिले. मग ते म्हणाले, "वाळी गयी रे हाई. चारा देत नई व्हतात का?"

छगनभाऊ हसला, काशीबाई आत पळाली, आणि सगळ्यांना वाटले की बोट भोवऱ्यावरून नुसते घसरले. मला तसे वाटले नाही. आबांचे बोट नुसते टेकले नव्हते, ते केसांच्या वळणाने गोल फिरले होते. मी ते पाहिले होते. हजारो घोडे ज्याने बोटांखालून घातले त्याला भोवरा कळला नाही? मग हा म्हातारा गप्प का? आता मला मुलाचा संशय उरला नाही, बापाचा सुरू झाला. वाटले, आज चार माणसांत बोलायला नको म्हणून गप्प आहे. मी गेलो की हिला हाकलेल, किंवा जत्रेत कोणाच्या तरी गळ्यात बांधेल. भोवरा डागून टाकायची युक्तीही त्याला येत असणारच.

म्हणून मी जात राहिलो. कधी बाजाराच्या दिवशी, कधी भर दुपारी. एकदा तर केळीच्या बागेत लपून तासभर बसलो आणि डासांनी मला फोडून काढले. दिसायचे ते एकच. सकाळी छगनभाऊ बापाचा हात धरून ठाणापाशी आणी. म्हातारा घोडीपाशी उभा राही, मुलगा शेजारी उभा राही. मग मुलगा सांगे, कापूस किती फुटला, इंजिन कसे अडते. बाप म्हणे, हूं. घोडी मात्र अंग धरू लागली होती.

एकदा मी आलो तेव्हा आबा एकटेच घोडीपाशी होते. छगनभाऊ समोरून येत होता. आबांनी माझे पाऊल ओळखले. "छगन, कारभारीस्करता चहा सांग," म्हणून त्याला घरात पिटाळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कारभारी, हाई कोठली शे?"

"कोन, आबा?"

"मी डोयाना आंधया शे. बोटना नई."

मी सांगून टाकले. टांग्याची, नाक्यावर सोडलेली, नावगाव नाही. विचारले, मग बोलला का नाहीत?

ते घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिले. "हरणी मी लोणखेडाले गऊ तवयच थकेल व्हती. माले भेटाव नई, हाई माले मालूम व्हतं," ते म्हणाले. "पन हाऊ पोऱ्या. त्यानी आखी हयातमा घोडाले हात लावा नई. मन्हाशी दोन शब्द बोलना नई. आते रोज सकाय मन्हा हात धरीसन आठे लई येस. हाई हरणी नई म्हनू, त तो हात बी सुटी जाई."

मी म्हटले, "आनि आसूढाळ? मालकाले रडाडस म्हंतस."

"रडाडी त रडाडो. आते ह्या डोयास्ले दुसरं काम तरी काय शे?"

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हाई एक भोवराकरता मी कितल्या घोड्या जत्रामाईन परत धाड्यात. त्या कोठे गयात व्हतीन, कारभारी?"

कुठे जातात ते मला ठाऊक होते. कातड्याचे व्यापारीही माझ्याच ओटीवर येऊन बसत. मी म्हटले, चहा येतोय. माझ्या धंद्यात मी फार लोकांना खरे बोलायला लावले, पण त्या म्हाताऱ्याला खरे उत्तर देण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. आबांनी एवढेच सांगितले, की छगनला यातले काही कळू देऊ नका. मी शब्द दिला.

दोन हिवाळ्यांनी आबा गेले. दिवसकार्य उरकेपर्यंत मी धीर धरला आणि मग दोर खांद्यावर टाकून ब्राह्मणपुरीची वाट धरली. मला कसलीही शंका नव्हती. ज्याच्यासाठी घोडी आणली तो गेला, घरातल्या बाईला ती अपशकुनी वाटते, मुलाला घोड्याची आवड नाही. त्यात घरात मौत झालेली, त्याचे खापर कोणावर फुटणार? घोडी एव्हाना जत्रेकडे निघाली नसली म्हणजे मिळवली.

घोडी ठाणावर होती. छगनभाऊ तिच्यापाशी उभा होता. डोके नुकतेच भादरलेले, चेहरा ओढलेला. मी म्हटले, "चल भाऊ, लई जास तिले."

त्याने माझे मनगट धरले आणि माझे बोट घोडीच्या डाव्या डोळ्याखाली नेऊन टेकवले. मी भोवरा शोधू लागलो. भोवरा नव्हताच. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की डागला! पण वाकून पाहिले तर डाग नव्हता, व्रण नव्हता. तेवढ्या जागेवरचे केस झिजून गेले होते. सतत हात लागून पाटा गुळगुळीत व्हावा तशी खालची कातडी मऊ झाली होती.

"रोज त्यास्नं बोट आठेच येवाले," छगनभाऊ म्हणाला. "मी जोडेच उभा व्हतू ना, कारभारी. तुम्हलेबी मालूम व्हतं."

ज्यांना शब्द दिला तेच आता उरले नव्हते. मी मान हलवली. विचारले, "मंग तू बोलना काबर नई?"

"बोलतू त त्यास्ना हात सुटी जाता."

हे म्हणताना त्याचे डोळे भरून आले आणि तो घोडीच्या मानेवर तोंड ठेवून लहान मुलासारखा रडला. बाप गेला तेव्हा चार माणसांत तो रडला नव्हता, हे मला काशीबाईने सांगितले. ती कधी येऊन उभी राहिली ते मला कळले नाही. तिच्या हातात भिजवलेल्या हरभऱ्याची टोपली होती. "रडाडं शेवट तिनी मालकले," ती म्हणाली, आणि टोपली घोडीच्या तोंडाशी धरली.

मी दोर तिथेच खुंटीवर, आबांच्या खोगिराशेजारी टांगला आणि निघालो. घोडी कोणाची, हे आता कोणी विचारले नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

वाटेत वळणावर मी एकदा मागे वळून पाहिलेच. सवय जात नाही. छगनभाऊ अजून ठाणावरच होता. डोळे मिटून घोडीच्या तोंडावरून हात फिरवत होता.